रक्ताचा रिपोर्ट आणि चालू असलेली गोळी
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 

धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला माणूस. तेव्हा माझ्या रोजच्या कामातलाच विषय मी आज घेतला आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना रक्त गोठण्याची तपासणी केली, तर रिपोर्टमध्ये काय घोटाळा होतो, हे मला सांगायचे आहे. विषय ऐकायला रुक्ष आहे खरा. पण या गोळ्या आता आपल्या सोलापुरात घरोघरी आल्या आहेत. कोणाच्या हृदयाची झडप बदललेली आहे, कोणाला लकवा होऊन गेला आहे, कोणाच्या पायाच्या शिरेत गाठ झाली होती. यंत्रमागावर, विडी वळण्यावर ज्यांचे पोट आहे अशा दाटीवाटीच्या वस्त्यांत लहानपणी घसा सुजून ताप येतो, सांधे धरतात. त्याकडे दुर्लक्ष झाले की पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. हा आजार गरिबाच्या घरात जास्त. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय बनावटीची झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यामुळे अशी झडप आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. पण अशी यांत्रिक झडप बसली की गोळी जन्माची. ती चुकली तर झडपेवर रक्ताची गाठ बसते.

आता 'रक्त पातळ करणारी गोळी' हे नाव तसे चुकीचेच आहे, बरं का! वरणात पाणी ओतावे तसे रक्त काही पातळ होत नाही. रक्ताचा गोठण्याचा वेग तेवढा कमी होतो. आपले यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक तयार करते. वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिट्रोम या गोळ्या त्या जीवनसत्त्वाचे काम अडवतात. याचा शोधही बघण्यासारखा आहे. अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती. कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ शोधून काढला. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदराचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसाचे औषध झाले. तेच द्रव्य मोजून दिले तर जीव वाचवते, बेहिशेबी गेले तर जीव घेते. म्हणूनच वरचेवर तपासणी करावी लागते.

लॅबमध्ये आम्ही निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतो. नळीत सायट्रेट असते. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण ठरलेले. रक्त कमी भरले तर तेवढ्यानेही वेळ खोटाच लांबतो. मग वरचा पिवळसर द्रव वेगळा करून त्यात रसायन घालतो आणि किती सेकंदांत गाठ बनते ते मोजतो. एका तपासणीला पीटी म्हणतात, दुसरीला एपीटीटी. निरनिराळ्या कंपन्यांच्या रसायनांनी पीटीचे सेकंद निरनिराळे येत. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे सर्वांना समान असे माप आणले. गोळी नसलेल्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. गोळी चालू असलेल्याचा बहुधा २ ते ३ ठेवतात, झडप बदललेल्याचा पुष्कळदा त्याहून थोडा जास्त.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. समजा, एका आजीचा आयएनआर २.८ आला. ॲसिट्रोम चालू आहे हे ठाऊक असेल तर हा रिपोर्ट उत्तम आहे. ठाऊक नसेल तर वाचणाऱ्याला वाटेल, यकृत बिघडले की काय? आकडा एकच, पण अर्थ दोन. लॅबच्या खिडकीवर विचारले, "गोळी कुठली वो?" तर उत्तर येते, "ती बारकी, पांढरी." बारक्या पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत, भगिनींनो!

दुसरा घोटाळा नव्या गोळ्यांचा. २०१० च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सबान, एपिक्सबान या गोळ्या आल्या. यांना दर महिन्याला आयएनआर लागत नाही, म्हणून लोकांना सोयीच्या वाटतात. पण आयएनआर हे माप वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांसाठी बनवलेले आहे, यांच्यासाठी नव्हे. रिव्हरॉक्सबान घेऊन दोन-चार तासांनी रक्त दिले तर पीटी लांबलेली दिसू शकते, तीच दुसऱ्या दिवशी गोळीच्या आधी दिली तर जवळजवळ नॉर्मल. डॅबिगॅट्रानचा परिणाम जास्त करून एपीटीटीवर दिसतो. एपिक्सबानचा तर पीटीवर पुष्कळदा दिसतच नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, पण रक्तात औषध पूर्ण भिनलेले. असा रिपोर्ट बघून कोणी ऑपरेशनला घेतले तर रक्त थांबायचे नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचेही तसेच. त्या रक्तातल्या बिंबिकांवर काम करतात. पीटी, एपीटीटीत त्यांचा पत्ता लागत नाही, आणि ॲस्पिरिनचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही सात ते दहा दिवस रेंगाळतो.

तिसरा घोटाळा दवाखान्यात दाखल झालेल्यांचा. सलाईनची नळी तुंबू नये म्हणून कधी कधी तिच्यात हिपॅरिन सोडतात. त्याच नळीतून रक्त काढले तर एपीटीटी भलतीच लांबते आणि नातेवाईक घाबरून जातात. रक्त दुसऱ्या हातातून पुन्हा घेतले की खरे काय ते कळते.

चौथी गोष्ट आपल्या माता-भगिनींच्या जिव्हाळ्याची आहे. एखादीचे दिवस पुन्हा पुन्हा जातात, किंवा ऐन तारुण्यात शिरेत गाठ होते. शेजारीपाजारी म्हणतात, करणी झाली, पायगुण वाईट. आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आपण कारण शोधतो, ते योग्यच आहे. मग डॉक्टर काही खास तपासण्या लिहून देतात. त्यातल्या एकीत घोणस सापाचे विष वापरतात. आपल्या माळरानावरचीच ती घोणस! तिच्या विषाने रक्त झटकन गोठते, हा गुण १९३४ मध्ये इंग्लंडातल्या मॅकफार्लेन यांनी औषधात आणला. आज त्याच विषाने ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाचा दोष शोधतात. पण वरच्या नव्या गोळ्यांपैकी एखादी चालू असताना ही तपासणी केली, तर दोष नसताना दोष दिसू शकतो. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या तपासण्यांचेही तेच. वॉरफरिन चालू असेल तर ती कमी दिसतात. नव्या गोळ्या चालू असतील तर काही पद्धतींत उलट वाढलेली दिसतात आणि खरी कमतरता झाकली जाते. एका बाजूने, नसलेला आजार कपाळी लागायचा, सासरी बोलणी खावी लागायची. दुसऱ्या बाजूने, असलेला आजार लपायचा. म्हणून अशी तपासणी कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ल्युपसचा दोष दिसलाच, तर निदान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान पक्के मानत नाहीत.

भगवंतांनी कालामांना सांगितले ते आपण सर्व जाणतो. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. छापील रिपोर्टलाही तोच न्याय लावला पाहिजे. प्रत्येक गोष्ट कारणामुळे घडते, आणि नळीतल्या रक्तातली गोळी हेही एक कारणच आहे. ते सांगितलेच नाही तर रिपोर्ट वाचणारा तरी काय करणार?

पण याचा कोणी उलटा अर्थ घेऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. तपासणी बरोबर यावी म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही! झडपवाल्याने चार दिवस गोळी सोडली तर झडप बंद पडू शकते, लकवा होऊ शकतो. शेजाऱ्याची नवी गोळी चांगली म्हणून आपली बदलायची नाही. यांत्रिक झडप असलेल्यांना त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. सांध्यांच्या तापाने झडप खराब होऊन ज्यांचे ठोके अनियमित झाले आहेत, त्यांच्यातही जुन्या जातीचीच गोळी सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. क्षयाची रिफाम्पिसिन आयएनआर खाली आणते, जुलाबाची मेट्रोनिडॅझोल वर नेते. मेथी-पालक खायला हरकत नाही, पण महिनाभर नाही आणि मग रोज, असे करू नये.

मग करायचे काय? एका कार्डावर पाच गोष्टी लिहून जवळ ठेवा : गोळीचे नाव, किती मिलिग्रॅमची, कशासाठी चालू आहे, शेवटची कधी घेतली, आणि सोबत दुसरी औषधे कोणती. रक्त देताना, दात काढताना, ऑपरेशनच्या आधी ते कार्ड पुढे करा. कार्ड नसेल तर रिकामे पाकीट न्या, तेही चालेल.

आपल्या वस्तीतल्या पुष्कळ आजी-आजोबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्यासाठी या विहारातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून ही कार्डे लिहून द्यावीत, असे मी समितीला सुचवतो. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले, ते शिक्षण असे म्हाताऱ्या माणसांच्या कामी आले पाहिजे. कार्डे कशी लिहायची हे दाखवायला मी पहिल्या रविवारी स्वतः येईन.



भवतु सब्ब मंगलं! जय भीम! नमो बुद्धाय!