रक्तदाबाची गोळी आणि रक्तातील साखर



 माझा विषय वाङ्मयीन नाही. तो रोजच्या गोळीचा आहे.

सौंसरकडील एक संत्रा-बागाईतदार माझ्याकडे आले. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही जडलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बीपीच्या गोळीनं शुगर वाढते म्हणतात. उद्यापासून बंद करतो." त्यांची गोळी ॲटिनोलॉलची होती. ऐकलेले बरेचसे खरे होते. योजलेला उपाय मात्र धोक्याचा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमार पाहणाऱ्याची छाती का धडधडते, हे पांढुर्ण्यात सांगावयास नको. ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी व रक्तदाब वाढतो, यकृत साठवलेली साखर सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. पळण्यास वा लढण्यास इंधन हवे ना! गोटमार संध्याकाळी संपते. कर्जाची आणि बागेची काळजी वर्षभर राहते, आणि तिच्यासोबत कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही साखर चढती ठेवू शकते.

मग या संप्रेरकांनाच आवरले तर? या वाटेवरील एक मोठे पाऊल मुंबईत पडले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात मांडला. 1952 मध्ये तिच्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनॅलिनचा साठाच रिता करते. रक्तदाब उतरे, पण काही रुग्णांना सुस्ती आणि खिन्नता घेरी. आपल्या रानातील मुळीने जगाला वाट दाखविली, याचा मला अभिमान वाटतो. ती मुळी स्वतःहून उगाळून घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे.

ॲटिनोलॉलसारखी बीटारोधक औषधे संप्रेरकाला हृदयाच्या दारातच अडवितात. मात्र त्यांनी स्नायूंतील रक्तप्रवाह घटू शकतो, साखर तेथे कमी पोहोचते, वजन थोडे वाढते आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. कार्व्हेडिलॉल त्याच गटातले. पण ते रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे हा दोष त्यात फारसा आढळत नाही. कॅप्टोप्रिलच्या गटातील औषधे साखरेला बाधत नाहीत, मूत्रपिंडालाही जपतात. गर्भवतीला मात्र ती देत नाहीत.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. ब्रिटनमध्ये 1148 मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब काटेकोर ठेवलेल्यांत पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाला. ॲटिनोलॉल घेणाऱ्यांचे वजन अधिक वाढले, साखरेची जादा औषधेही अधिक जणांना लागली. तरीही कॅप्टोप्रिलइतकेच संरक्षण त्यांना मिळाले. गोळी कोणती, हा प्रश्न खरा. पण रक्तदाब उतरलाच पाहिजे, हा त्याहून मोठा. शिवाय ॲटिनोलॉल एकाएकी थांबविल्यास हृदयाला झटका बसण्याची भीती असते.

बागाईतदारांना हृदयविकार नव्हता, म्हणून मात्रा हळूहळू उतरवून औषध बदलता आले. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांना कदाचित हीच गोळी तारत असेल. अशांच्या घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे: साखर फार उतरली तर या गोळीमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र फुटतो. असा घाम दिसताच, रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला आधी साखरपाणी पाजावे आणि मग दवाखाना गाठावा.