रक्ताच्या दुखण्यावर पैसा कोणी खर्चावा?

(तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर शेतकरी व मजूर मंडळींपुढे केलेले भाषण)



या डहाणू-तलासरीच्या मुलखात आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी लग्नगडी नावाची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये काढावेत आणि ते फिटत नाहीत म्हणून नवराबायकोने जन्मभर त्याच्या शेतावर राबावे, अशी ती चाल. १९४५ साली झरी गावी वारली मंडळी जमली, वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले, आणि पुढे गोळ्या खाऊनही ती मागे फिरली नाहीत. ती गुलामी गेली. परंतु कर्जात पडण्याचे दुसरे एक दार अजून उघडेच आहे. त्या दाराचे नाव आजारपण.

समजा, घरातल्या दहा वर्षांच्या पोराचे हातपाय एकाएकी ठणकू लागले. बाप वीटभट्टीवरचे काम टाकून येतो. घेतलेली उचल अंगावर राहते. आईचा रोजगार बुडतो. आधी भगताला कोंबडा, मग खासगी दवाखान्याचे बिल, शेवटी बकरी विकणे. पोर बरे होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अशा पुष्कळ घरांत दुखण्याचे खरे नाव सिकलसेल असते.

हा देवाचा कोप नव्हे आणि मागल्या जन्मीचे पापही नव्हे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक नसांत अडकतात, म्हणून अंग ठणकते. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारांत एक असा धोका असतो. केवळ वाहक असलेल्यास मात्र हिवतापाने मरण्याचे भय कमी. म्हणून आफ्रिकेत काय किंवा आपल्या रानात काय, हिवतापाच्या मुलखातच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आता पैशाची गोष्ट ऐका. हा आजार १९१० साली अमेरिकेत ओळखला गेला. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत तो आढळला. मग इतकी वर्षे गरिबाला औषध का नाही? १९९० साली एका जागतिक आयोगाने हिशेब मांडला, की आरोग्याच्या संशोधनावर जग जो पैसा खर्चते त्यातला सुमारे ५ टक्केच गरीब देशांच्या रोगांवर जातो. कारण उघड आहे. कंपनी गिऱ्हाईक पाहते, आणि आपल्या खिशात गिऱ्हाइकाचे पैसे नाहीत. २०२३ साली या आजारावर नवा इलाज विलायतेत व अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर! विद्येला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु जी विद्या पाड्यापर्यंत येत नाही ती आमच्यापुरती पोथीतच राहिली.

उलट पाहा. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध. ते आफ्रिकेतल्या लेकरांना चालेल काय, हे पाहण्यास अमेरिकन सरकारने पैसा दिला. चार देशांतील सहाशे मुलांना ते देऊन पाहिले. दुखण्याचे झटके, हिवताप व मृत्यू, तिन्ही घटले, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. येथे नवे औषध कोणी शोधले नाही. जुनेच औषध गरिबाच्या अंगणात तपासून पाहिले, एवढेच.

दुसरा दाखला पुण्याचा. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथीने १९९६-९७ साली सुमारे २५ हजार माणसे नेली. तिकडच्या लोकांनी सांगितले, लस हवी, पण अर्ध्या डॉलरच्या आत. २००१ साली अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानने ७ कोटी डॉलर दिले, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लस बनविली, आणि २०१० पासून ती टोचली जाऊ लागली. आधी किंमत ठरली, मग माल झाला. रस्ता हाच.

आपल्या सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली; ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत आजार हटविणे हा तिचा संकल्प. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ग्रामीण संशोधन केंद्रही आहे. म्हणजे विद्या आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. आत घेणे आपल्या हाती आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. पोरापोरींचे रक्त लग्न ठरण्याआधी तपासून घ्या. वाहक निघाली म्हणून मुलीला नावे ठेवू नका. दोष दोन्हीकडून येतो, आणि वाहक हा रोगी नव्हे. रक्त देताना विचारा, ‘याचे काय निघाले ते आमच्या बोलीत कधी सांगाल?’ प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या बारा महिने असल्या पाहिजेत. भट्टीवर जाणाऱ्यास त्या मुक्कामापुरत्या मिळाल्या पाहिजेत. आपले तालुके पेसा कायद्यातले आहेत. ग्रामपंचायतीस जो ५ टक्के निधी येतो त्यातून आरोग्यावर किती खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा, आणि बायांनी आधी विचारावे.

हा पैसा धर्मादाय नव्हे. आपल्या घामातून जो कर जातो त्याचाच तो भाग आहे. वडिलांनी वेठ नाकारली. आपण दुखण्याची वेठ नाकारू या.