अंक गिरवण्याआधीचे गणित

चार वर्षांचे मूल एक ते वीस अंक अस्खलित म्हणते, एवढ्यावरून त्याला गणित येऊ लागले असे मानणे योग्य नाही. पाठांतर वेगळे आणि संख्याबोध, म्हणजे ‘किती’ हे उमजणे, वेगळे. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवून दिले की, दोन ओळींत सारखेच नग असूनही एक ओळ लांबवर पसरली, तर या वयाची मुले तिच्यात नग अधिक आहेत असे सांगतात. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, ही जाण केवळ सांगून येत नाही, तर वस्तू वारंवार हाताळूनच पक्की होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून, परिसरात मिळणारे शिंपले, बिया आणि खडे बालशिक्षणात आणले, ते याच कारणाने मोलाचे ठरते. छत्रपती संभाजीनगरातील अंगणवाड्यांत चिंचोके आणि खडे निवडून वेगळे करणे, म्हणजे वर्गीकरण, आणि प्रत्येक वाटीत एकच चिंचोका ठेवणे, म्हणजे एकास एक संगती, ही कामे खर्चाविना होऊ शकतात. मात्र लहानग्यांनी बिया तोंडात घालू नयेत म्हणून सेविकेचे लक्ष हवेच. या शहराला तर हिमरूचे आणि जवळच्या पैठणचे वीणकाम लाभले आहे, ज्यात ठरावीक क्रमाने परतणारी नक्षी, म्हणजेच आकृतिबंध, आढळते. अशा कापडाच्या काठावर बोट ठेवून ‘यानंतर काय येईल?’ असे विचारले, की मूल नियम शोधू लागते, आणि बीजगणिताचा आरंभ तिथेच होतो.