शिवेपलीकडची माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १ मे २०१५ रोजी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील मनोगत)



जानेवारीतल्या सहलीबद्दल चार शब्द बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे चार शब्दांत थांबायची मला सवय नाही, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. तरी प्रयत्न करते.

रौप्यमहोत्सवी सहल म्हटल्यावर महाबळेश्वर, अलिबाग, निदान एखादा रिसॉर्ट अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी सुचवलं, सकाळी शीवचा किल्ला आणि दुपारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्यावर बी विंगमधले एक काका म्हणाले, "शीवला किल्ला आहे? आम्हाला फक्त हॉस्पिटल माहीत!" पण तेवीस जण आले. मुलुंडहून स्लो लोकल पकडली. डबे, पाण्याच्या बाटल्या, दोन छत्र्या (उन्हासाठी) असा सरंजाम होता.

कुर्ला सुटल्यावर मी मुलांना खिडकीपाशी बोलावलं. खाली मिठी नदीचं काळं पाणी दिसलं आणि सगळ्यांनी नाकं दाबली. मी म्हटलं, "नाक दाबा, पण डोळे उघडे ठेवा. ही एके काळची सरहद्द आहे." कारण या पाण्याच्या अलीकडे साष्टी बेट, म्हणजे आपण. पलीकडे मुंबई. दोन्हींच्या मध्ये खाडी, दलदल आणि भरती-ओहोटी.

गावाची हद्द म्हणजे शीव. आपल्या भाषेतला हा साधा शब्द. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'सायन' झालं आणि आपणही तेच म्हणू लागलो. स्टेशनच्या पाटीवर मात्र अजून 'शीव' लिहिलेलं आहे. म्हणजे रोज हजारो माणसं 'हद्द' नावाच्या स्टेशनवर चढतात-उतरतात आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

किल्ला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. छोटीशी टेकडी, खाली बाग, मग पायऱ्या. वर पोचलो तर मुलांचा चेहरा पडला. तट नाही, बुरूज नाही, शिवाजी महाराजांच्या गडासारखं काहीच नाही. छप्पर गेलेल्या खोल्या, काळ्या दगडाच्या भिंती आणि त्यांवर कोरलेली प्रेमवीरांची नावं. एका मुलाने विचारलंच, "आजी, हाच का तो?"

हाच तो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. पुढे पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, १६६१ च्या त्या तहात मुंबई आंदण गेली. साष्टी मात्र पोर्तुगीजांनी आपल्याकडेच ठेवली. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. आपल्या मेंटेनन्सपेक्षा कमी! मग गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, कंपनीने या टेकडीवर किल्ला बांधला. तो कशासाठी? तर पलीकडून, म्हणजे आपल्या बाजूने कोण येतं, यावर नजर ठेवायला.

हे सांगितलं तेव्हा मुलं एकदम सावरून बसली. पहारेकरी आपल्याकडे बघत उभा होता, ही कल्पना त्यांना फार आवडली.

१७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी जिंकली, दोन वर्षांनी वसई घेतली. म्हणजे शीवच्या पलीकडे आता मराठी राज्य आलं. शीवजवळच धारावीत काळा किल्ला आहे. त्याच्या दगडावर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि साल कोरलंय, १७३७. सालाचा हा मेळ बघून माझ्यातली शिक्षिका खूश झाली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली. मग पहारा कुणावर ठेवायचा? दोन्हीकडे राज्य त्यांचंच. पुढे जोनाथन डंकन गव्हर्नर असताना शीव-कुर्ला बांध घातला गेला. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे पहिली आगगाडी याच बाजूने धावली. हद्द पुसली गेली आणि किल्ल्याचं काम संपलं.

आपल्या पार्किंगखालची जमीन बघा. ती जागची हलली नाही, पण तिच्यावर गुजरातचा सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे धनी होऊन गेले. स्वातंत्र्यानंतरही आपण लगेच मुंबईत आलो नाही. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली. मुलुंड आणि दहिसर आत आले ते १९५७ मध्ये. आणि मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला १९९० मध्ये, ज्या वर्षी आपली सोसायटी रजिस्टर झाली.

आता घरची गोष्ट सांगते. आम्ही लालबागची चाळ सोडून इथे आलो तेव्हा तिकडचे नातेवाईक विचारायचे, "जकात नाक्याच्या अलीकडे की पलीकडे?" अलीकडे म्हटलं की त्यांना जरा हायसं वाटायचं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत दादरला निघाल्या तरी "मुंबईला जाऊन येते" म्हणायच्या. मी सांगायचे, "आई, ही मुंबईच आहे." त्या म्हणायच्या, "तुझ्या पुस्तकात असेल." तेव्हा मला हसू यायचं. किल्ल्यावर उभं राहून मुलुंडच्या दिशेला बघताना वाटलं, त्यांच्या बोलण्यात तीनशे वर्षांची हद्द शिल्लक होती. त्या हव्या होत्या त्या दिवशी बरोबर.

दुपारी भायखळ्याला उतरलो. झाडाखाली बसून डबे खाल्ले आणि राणीच्या बागेतल्या संग्रहालयात गेलो. दाराबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले आणि पुढे कित्येक वर्षांनी जोडले.

आत मुंबईचे नकाशे, बेटांची प्रतिकृती, वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या बाहुल्या. मुलं तिथे इतकी रमली की बाहेर काढताना नाकी नऊ आले.

या संग्रहालयाची जन्मकथा मात्र तुम्ही लक्ष देऊन ऐका. सुरुवातीचा संग्रह फोर्टातल्या बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली, तेव्हा वस्तू घाईघाईने हलवाव्या लागल्या. जॉर्ज बर्डवुड यांनी उरलेलं सांभाळून टाऊन हॉलमध्ये नेलं. मग स्वतंत्र इमारतीसाठी वर्गणी गोळा झाली. त्या खटपटीत पुढे होते डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्याकडून आलेला हा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, दोनदा मुंबईचा शेरीफ झाला. १८६२ मध्ये पायाभरणी आणि १८७२ मध्ये संग्रहालय खुलं झालं. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं. नंतर इमारतीची पार दुर्दशा झाली होती, ती डागडुजी करून २००८ मध्ये पुन्हा उघडली.

हे मी सांगत होते आणि सांगता सांगता माझा आवाज बसला. का, ते आज इथे सांगणार आहे.

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाला आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हवं होतं. खूप शोधलं, सापडलं नाही. ते कुठे गेलं, ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पंप रूमची दुरुस्ती निघाली. तिथलं कपाट वाळवीने खाल्लं होतं. कमिटीवर मीही होते. "जुने कागद काय करायचेत?" असं विचारलं गेलं, आणि रद्दीवाल्याच्या पावतीवर मी सही केली. तीनशे चाळीस रुपये आले. एकही वही उघडून बघितली नाही. मुलांना आयुष्यभर साधनं, पुरावे, कागदपत्रं शिकवणारी मी!

त्या पहिल्या सभेत पाण्याच्या टँकरवरून माझ्या सासूबाई सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या होत्या. चौथी शिकलेली बाई. "नळ देता येत नसेल तर चाव्या कशाला दिल्या?" असं त्यांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं. सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं नाव वहीत लागलं गं." आता ती वही नाही. मी सांगते म्हणून तुम्ही मानायचं, एवढंच उरलंय.

किल्ला बांधायला कंपनीकडे पैसा होता, शिपाई होते. काम संपल्यावर त्याला कुणी वाली राहिला नाही. संग्रहालय वर्गणीतून उभं राहिलं. त्यालाही दोनदा वाईट दिवस आले, पण दोन्ही वेळा कुणीतरी 'थांबा, हे टाकू नका' म्हणालं. आपल्या पंप रूममध्ये ते म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. ऑफिसात एक लोखंडी कपाट घेऊया. लोखंडी, म्हणजे वाळवीची भीती नाही. त्याचे पैसे मी देते, हा माझा दंड समजा. तुमच्याकडे पहिली पाण्याची बिलं, ताबापत्रं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, गच्चीवरच्या कोजागिरीचे फोटो असतील, तर त्यांची झेरॉक्स त्यात ठेवूया. ज्यांना पहिली सभा आठवते, त्यांनी मुलांजवळ बसून सांगावं आणि मुलांनी लिहून घ्यावं. तेव्हाचे सभासद आता सातच उरले आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या रविवारीच सुरू करूया.

आपली मुलं आता ठाण्याच्या पुढे, डोंबिवली-बदलापूरला घरं घेतायत. त्यांनाही कुणीतरी विचारत असेल, नाक्याच्या अलीकडे की पलीकडे. हद्द सरकत राहणार. पण इथे कोण राहिलं आणि कसं राहिलं, ते त्यांना बघायला मिळावं.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. खाली पावभाजी तयार आहे. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!