ऑपरेशननंतर पुन्हा मूल हवं असेल तर...

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत माझा दवाखाना आहे. संध्याकाळी वसई रोडला लोकलमधून उतरून घरी जाता जाता नोकरीवाल्या बायका डोकावतात. अशीच एक एकतीस वर्षांची बाई सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली होती. बरोबर सासूबाई. चोविसाव्या वर्षी गावच्या शिबिरात तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. मोठी मुलगी शाळेत जाते, धाकटा मुलगा तापाच्या आजारात गेला. खाली बघत तिनं विचारलं, ''मॅडम, ते ऑपरेशन उघडता येतं का हो?''

हा प्रश्न दबक्या आवाजातच येतो. महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचं हे ऑपरेशन झालेलं असतं, आणि तेही बहुधा पंचविशीच्या आसपास. पुढे आयुष्य बरंच उरलेलं असतं. मूल दगावतं, नवरा जातो, दुसरं लग्न होतं. सही करताना हे कोणाच्या मनात असणार?

आधी एक गैरसमज दूर करू. या ऑपरेशनमध्ये पिशवीला हात लावत नाहीत, बीजकोशालाही नाही. म्हणून तर पाळी येत राहते. दर महिन्याला बीज तयार होतं, फक्त बीज आणि शुक्रजंतू जिथे भेटतात ती नळी बंद असते. तेव्हा मार्ग दोन : नळी पुन्हा जोडायची, नाहीतर नळीला वगळून जायचं.

जोडता येईल का, हे नळी कशी बंद केली यावर ठरतं. दुर्बिणीतून रिंग टाकली असेल तर नळीचा थोडाच भाग वाया जातो आणि आशा चांगली असते. टाक्याच्या ऑपरेशनमध्ये नळीचा वेढा बांधून कापलेला असेल, तरी बऱ्याचदा जोडता येतं. पण नळी बरीच जाळली असेल किंवा टोकाचा झालरीसारखा भाग काढून टाकला असेल, तर जोडायला फारसं काही उरतच नाही. चारेक सेंटिमीटर नळी शिल्लक हवी. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, ''ऑपरेशनचा कागद आहे का?'' रेशनकार्ड जपणाऱ्या घरांतही नेमका हाच कागद हरवलेला असतो!

दुसरी गोष्ट वय. पस्तिशीच्या आत, नळी पुरेशी असेल आणि हात सरावाचा असेल, तर जोडणीनंतर दहापैकी सहा-सात जणींना दिवस राहू शकतात. चाळिशीनंतर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. नवस-उपासांना माझी हरकत नाही, पण त्यात दोन-तीन वर्षं गेली की नळीपेक्षा वयाचीच अडचण मोठी होते.

ही जोडणी काही नवलाई नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर शेकडो मुलं गेली. नागपट्टणमच्या कोळी वस्त्यांत अनेक आयांचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. आपल्या अर्नाळा-नायगावच्या कोळीवाड्यांसारखीच ती वस्ती. ज्या सरकारी यंत्रणेनं नळ्या बंद केल्या, तिनंच मग त्या मोफत जोडून देण्याची सोय केली. काहींच्या घरी पुन्हा पाळणा हलला, काहींच्या नाही.

जोडणीनंतर एक सावधगिरी मात्र हवीच. गर्भ पिशवीत न जाता नळीतच अडकण्याचा धोका वाढतो. पाळी चुकली की लगेच तपासणी आणि वेळेत सोनोग्राफी. पोटात एका बाजूला कळ आली, चक्कर आली, तर रात्र काढू नये. थेट हॉस्पिटल गाठावं.

दुसरा मार्ग टेस्ट ट्यूब बेबीचा. हे तंत्र मुळात बंद नळ्यांसाठीच निघालं. १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या पहिल्या अशा बाळाच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. वय वाढलेलं असेल, नळी उरली नसेल किंवा नवऱ्याचे शुक्रजंतू कमी असतील, तर हाच रस्ता बरा. पण एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि पस्तिशीच्या आतही दहापैकी तीन-चार प्रयत्नच फळतात. दागिने मोडण्याआधी हे ऐकून ठेवा. २०२१ च्या कायद्यानं अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे आणि स्त्रीसाठी वयाची मर्यादा पन्नास. नोंदणीचा दाखला मागायला लाजू नका.

दत्तक हाही एक पर्याय आहे. आधीचं एक मूल असलं तरी अर्ज करता येतो. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, थांबावं मात्र लागतं.

आता नवऱ्याबद्दल. ''मला दोन झालीत की, मला कशाला तपासता?'' हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय. सात वर्षांत माणूस बदलतो, त्याचा रिपोर्टही बदलतो. बाईच्या पोटावर सुरी फिरवण्याआधी त्याची साधी वीर्यतपासणी झालीच पाहिजे, यावर मी अडून बसते.

त्या दिवशी मी सासूबाईंना जरा बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, ''तुला स्वतःला हवंय का?'' ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''हवंय. पण त्याच्या जागी नकोय. त्याचं नाव नाही ठेवणार.''

पुढच्या आठवड्यात ती माहेरी जाऊन आली. ट्रंकेच्या तळाशी, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांखाली, शिबिराचा कागद सापडला होता. शाई पुसट झालेली, पण 'रिंग' हा शब्द वाचता येत होता. नवरा बरोबर आला होता. मी त्याच्या हातात तपासणीची चिठ्ठी दिली.