सगळ्यांनी मिळून केलेली बेरीज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. सचिव मला म्हणाले, "सर, गणितावर बोला, पण मधूनच कुणी उठून जाणार नाही असं बोला." (हशा) म्हणून आज भाषण कमी आणि काम जास्त. आपण सगळ्यांनी मिळून एक गणित करायचं आहे. मोबाईल खिशात ठेवा. कागद, पेन आणि डोकं एवढंच लागेल. दोन आकडी बेरीज येणारा कुणीही यात चालेल. पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांना तर हे फारच सोपं जाईल.

हे गणित आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांचं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवलं. विद्यापीठात पद नाही, हाताखाली माणसं नाहीत, यंत्र नाही. वहीत आकडेमोड करायची आणि जे सापडेल त्याच्या छोट्या पुस्तिका स्वखर्चाने छापायच्या. काही विद्वानांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हटलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या घेतल्या. पण छंद सुटला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' मुलांनी ऐकला असेल. आज आपण घेतोय ती त्यांचीच दुसरी गोष्ट, स्वयंभू संख्या.

नियम अगदी साधा आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले, तर २ आणि ३ मिळून ५, आणि २३ अधिक ५ म्हणजे २८. आपण म्हणू, २३ ने २८ ला जन्म दिला, २३ हा २८ चा जनक. आता २८ घ्या. २ आणि ८ मिळून १०, म्हणजे ३८. पुढे ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. ही धार कधी थांबत नाही.

१ पासून निघालात तर २, ४, ८, १६, २३ असं करत याच धारेला लागता. ९ पासून निघालात तर १८, २७, ३६ असा नऊचा पाढा ९९ पर्यंत म्हणता येतो, आणि मग एकदम ११७ वर उडी.

कापरेकरांनी प्रश्न उलटा विचारला. जिला कुणीच जन्म दिला नाही, अशी संख्या आहे का? असेल तर ती स्वयंभू. आपल्याकडे स्वयंभू देवस्थान म्हणतात, तसंच.

आता कामाला लागू. फळ्यावर १ ते १०० लिहिले आहेत. पहिल्या रांगेकडे १ ते ९, दुसरीकडे १० ते १९, तिसरीकडे २० ते २९, असं करत दहाव्या रांगेकडे ९० ते ९९. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि प्रत्येक दिंडी आपल्या क्रमांकावर असते, ते लोणंदकरांना मी सांगायला नको. तसंच आपण आपल्या आकड्यांवर राहायचं. उत्तर आलं की ओरडून सांगा, मुलं फळ्यावरची ती संख्या खोडतील.

(इथे सुमारे पंधरा मिनिटं सर्व रांगांनी बेरजा केल्या आणि मुलांनी फळ्यावरच्या संख्या खोडल्या.)

छान. आता फळ्यावर काय उरलं ते मोठ्यांदा वाचा. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. एकूण तेरा. शंभरातल्या ८७ संख्यांना जनक सापडला, तेरांना नाही.

२० च्या पुढे बघा, प्रत्येक वेळी अकराची उडी आहे. हे असं का? पहिल्या रांगेची उत्तरं होती २, ४, ६ असं करत १८ पर्यंत. दुसऱ्या रांगेची ११, १३, १५ अशी २९ पर्यंत, सगळी विषम. तिसऱ्या रांगेची २२ पासून ४० पर्यंत, सगळी सम. मग २० कुणी द्यायचा? पहिली रांग १८ ला थांबली, तिसरी २२ ला सुरू झाली आणि दुसरीकडे सम येतच नाही. तसंच दुसरी रांग २९ ला थांबली, चौथी ३३ ला सुरू झाली, मधला ३१ राहून गेला. बाकीचे घरी तपासा.

आता मला आज जे सांगायचंय ते. समजा तिसऱ्या रांगेतले २३ नंबरवाले काका आज आलेच नसते. काय झालं असतं? २८ खोडला गेला नसता. २८ ला २३ सोडून दुसरा जनक नाही. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून २८ ला स्वयंभू ठरवलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. बाकीच्यांच्या बेरजा शंभर टक्के बरोबर असूनही! एखाद्या संख्येला जनक आहे हे एकटा माणूस सांगू शकतो. पण "हिला कुणीच नाही" हे सांगायला सगळ्यांची बेरीज संपावी लागते.

सोसायटीत रोज नेमकं हेच घडतं. वरच्या मजल्यावरच्या आजी चार दिवस खाली दिसल्या नाहीत. प्रत्येकाला वाटतं, शेजारच्यांनी विचारलं असेल. शेजाऱ्यांना वाटतं, मुलगा पुण्याहून रोज फोन करत असेल. सगळी माणसं चांगली, कुणाच्या मनात वाईट नाही, पण दार कुणी वाजवलेलं नसतं. आजींना कुणीतरी विचारलं, हे ठरवायला एक माणूस पुरतो. कुणीच विचारलं नाही, हे कळायला मात्र सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

वार्षिक सभेचंही तेच. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, मग आहेत तेवढ्यांत ठराव मंजूर होतात आणि मिनिट्समध्ये लिहिलं जातं, "कोणाचीही हरकत नाही." हरकत असलेला माणूस घरी टीव्ही बघत बसलेला असतो. (हशा) हसू नका, हा आपला २३ नंबर आहे.

दुसरी गोष्ट चुकीची. समजा ३८ वाल्यांनी घाईत ४९ ऐवजी ४८ सांगितलं. तर ४८ दोनदा खोडला जातो, कारण ४२ चं उत्तरही ४८ येतं, आणि ४९ मोकळा राहतो. शंभराच्या आत कोणत्याही संख्येला दोन जनक नाहीत. त्यामुळे एक घर दोनदा खोडलं गेलं की समजायचं, कुणाची तरी बेरीज चुकली. मग त्या दोघांनी आपापले कागद शेजारी ठेवून बघायचं. भांडण नको, तपासणी हवी. खजिनदारांनी ठेवलेल्या देखभाल खर्चाच्या वहीकडेही आपण याच नजरेने बघावं. वही बघायला मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, ती आपल्या वाटणीची बेरीज आहे. ज्या हिशेबाला चार हात लागतात, तो लिहिणाऱ्यालाही निर्धास्त झोप लागते.

शंभराच्या पुढे मात्र गंमत बदलते. १०१ घ्या. आहेराच्या पाकिटातला आपला लाडका आकडा. ९१ अधिक १० म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. दोन जनक असलेली ही पहिली संख्या. त्यातला १०० येतो ८६ कडून, आणि ९१ येतो थेट १ पासून निघालेल्या धारेतून. आपली नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते, तशा इथे दोन धारा एक होतात. आणि जपमाळेचे १०८? ती संख्या स्वयंभू! तिला कुणीच जनक नाही. ९७ नंतर पुन्हा अकराची उडी मारून आपण तिच्यावर येतो. पण तिच्या लगेच पुढे ११० हीसुद्धा स्वयंभू आहे, म्हणजे अकराचा नियम तिथे मोडतो. नियम सापडला म्हणून बेरीज सोडून चालत नाही, हे कापरेकर मास्तरांची वही आपल्याला शिकवते.

बालमित्रांनो, आता तुमचा गृहपाठ. १०१ ते २०० मध्ये स्वयंभू संख्या दहा आहेत. दोन मी सांगितल्या, आठ तुम्ही शोधायच्या. सुरुवात ८७ पासून करा, कारण ८७ चं उत्तर १०२ येतं, तो शंभर ओलांडतो. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या आणि शेजारच्या घराशी आकडे वाटून घ्या. कागद नोटीस बोर्डावर लावायचा. वर प्रत्येक घराने आपापले आकडे लिहायचे आणि ज्या घराचे आकडे आले नाहीत, त्या घराची बेल मुलांनी वाजवायची.

रविवारी संध्याकाळी मी बोर्डापाशी येतो.