लहान वस्तू आणि तिची ठरलेली जागा



येडगावचे धरण ज्याने पाहिले आहे त्याला मोठे काम कशाला म्हणतात हे सांगावे लागत नाही. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांपैकी हे एक. येथून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे तालुके ओलांडून करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. या पाण्याने जिरायती रानांत ऊस उभा राहिला, टोमॅटोच्या बागा आल्या, घराघरांची राहणी बदलली. अशा कामांचे महत्त्व सर्वांना मान्यच आहे.

तथापि पाणी कोठूनही येवो, त्याचा अखेरचा प्रवास फार लहान असतो. तो शाळेतील माठापासून मुलाच्या ओठापर्यंतचा असतो. त्या दोन हातांच्या अंतरात धरणाचा, कालव्याचा किंवा नळयोजनेचा काही उपाय चालत नाही. तेथे लांब दांड्याचे एक ओगराळे उपयोगी पडते. ते नसले म्हणजे मूल पेला धरलेला हात माठात बुडवते, आणि इतक्या दुरून इतक्या कष्टाने आणलेले पाणी शेवटच्या क्षणी नासते.

दैनंदिन जीवन सुकर करणाऱ्या अशा लहान वस्तूंचा व सवयींचा विचार येथे करावयाचा आहे. या वस्तू बहुतेक घरांत असतात, बहुतेक शाळांतही असतात. तरीही त्यांचा उपयोग होत नाही, याचे कारण त्यांचा अभाव हे क्वचितच असते. ओगराळे असते, पण ते कपाटात असते. साबण असतो, पण तो मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असतो. विजेरी असते, पण तिची बॅटरी उतरलेली असते. लहान वस्तूला ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि तिची काळजी घेणारा ठरलेला माणूस या तीन गोष्टी मिळाल्या म्हणजेच ती कामाची होते. या तीन गोष्टींनाच आपण सवय असे म्हणतो.

प्रथम पाण्याचेच उदाहरण घेऊ. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. येथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने अशा दोन पोढी दान दिल्याची नोंद जुन्नरच्या एका लेखात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी वंशाच्या माणसाला येथे पुण्यकर्म म्हणून पाण्याचा साठा करून द्यावासा वाटला, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला मुलांना अवश्य सांगावी. आणखी एक गोष्ट मुलांना दाखवावी. अशा टाक्यांपैकी पुष्कळांचे तोंड लहान आणि आतील पोकळी मोठी असते. लहान तोंडामुळे ऊन, धूळ व पाचोळा आत कमी जातो. आजचे आरोग्यशास्त्रही हेच सांगते. पिण्याचे पाणी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. त्याला तोटी असल्यास उत्तम. तोटी नसल्यास ओगराळ्याने पाणी घ्यावे. हात कधीही आत घालू नये.

ओगराळे घेतल्यानंतर ते कोठे राहील हा प्रश्न ओगराळ्याइतकाच महत्त्वाचा आहे. ते जमिनीवर ठेवले तर माती लागते. माठाच्या झाकणावर ठेवले तर झाकण काढताना खाली पडते. यास्तव माठाच्या वर, पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर एक खिळा ठोकावा आणि ओगराळे त्याला अडकवावे. खिळ्याची किंमत नगण्य आहे. पण तो नेमका कोठे ठोकावा हे ठरविणे हे शिक्षकाचे काम आहे. तो मोठ्या माणसाच्या उंचीवर ठोकला तर लहान मुले पुन्हा माठात हात घालतील, आणि दोष मात्र मुलांना दिला जाईल.

साबणाचेही तसेच आहे. हात धुण्याचे महत्त्व प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगविलेले असते. परंतु भिंतीवरील वाक्याने हात धुतले जात नाहीत. या बाबतीत व्हिएन्ना शहरातील एक घटना उद्बोधक आहे. तेथील मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर प्रसूतिविभागात काम करीत. एप्रिल १८४७ मध्ये तेथे शंभरापैकी सुमारे अठरा बाळंतिणी तापाने दगावल्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासतात, हे सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णास हात लावू नये, असा नियम त्यांनी मे महिन्यात घातला. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा अजून सिद्ध व्हावयाचे होते. नियम मात्र साधा होता, आणि तो कामाच्या आधी, कामाच्या जागी पाळला जात होता.

शाळेतही हाच मार्ग आहे. शालेय पोषण आहाराच्या पंगतीकडे जाताना ज्या वाटेने मुले जातात त्या वाटेवरच पाणी व साबण असावा. आपल्या भागात कांद्याच्या जाळीदार गोण्या सर्वत्र मिळतात. अशा जाळीचा स्वच्छ तुकडा घेऊन त्यात साबणाची वडी बांधावी व ती नळाजवळ दोरीने टांगावी. साबण मातीत पडत नाही, पाण्यात भिजून विरघळत नाही, हरवतही नाही. जाळीवर हात घासले की फेसही चांगला येतो. वीस सेकंद हात चोळावेत असे तज्ज्ञ सांगतात. घड्याळ नसलेल्या मुलाने वीसपर्यंत अंक सावकाश म्हणावेत. त्यात पहिलीच्या वर्गाचा गणिताचा पाठही होतो.

तिसरे उदाहरण मीठ आणि साखर यांचे आहे. हगवणीने मूल दगावते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करविल्या, त्या पाण्यात विरघळवून ते पाणी रुग्णांना पाजले. पाजण्याचे काम बहुतांशी रुग्णांच्या नातलगांनीच केले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण अशा उपचाराने चाराच्या खाली आले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविले. स्वयंपाकघरातील जिनसा एवढे काम करू शकतात, हे या प्रसंगाने जगाला दाखविले.

परंतु येथेही सवयीवाचून वस्तू निरुपयोगी ठरते. कधी कधी ती अपायकारकही होते. आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळणारी क्षारसंजीवनीची एक लिटरची पुडी पूर्णपणे एक लिटर पाण्यातच विरघळवावयाची असते. पुष्कळ घरांत अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकतात. त्यामुळे पाणी फार खारट होते व मुलाला अधिक त्रास होतो. पुडी मिळेपर्यंत घरी पेय करावयाचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा लहान सपाट चमचा मीठ घालावे. यापेक्षा मीठ अधिक कधीही घालू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. शाळेत एक लिटरची खूण केलेली बाटली, पाच मिलिलिटरचा चमचा आणि दोन पुड्या एका डब्यात ठेवाव्यात. मापनाचा पाठ शिकविताना हाच डबा बाहेर काढावा. पाचवीच्या मुलीला हे पेय बिनचूक करता आले, तर तिच्या घरच्या तान्ह्या भावाला त्याचा उपयोग होण्याचा संभव आहे.

आता जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांच्या विशेष प्रश्नाकडे वळले पाहिजे. कालव्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला आसरा दिला. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मोठे जंगल नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी पाच बिबटे राहत असल्याचे त्यातून दिसले. तेथील बिबट्यांच्या आहाराचाही अभ्यास झाला. त्यात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. माणूस हे त्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. तरीही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे प्राण गेले. ज्या गावांत मुले उसाच्या कडेने शाळेत येतात तेथील शिक्षकाला हा विषय टाळता येणार नाही.

पिंजरे लावणे, बिबट्या पकडणे ही वनविभागाची कामे आहेत. घराच्या व शाळेच्या हाती जे आहे ते पुन्हा लहान वस्तूंचेच आहे. दाराशी चार्ज केलेली विजेरी असावी. शेजारी घुंगरू बांधलेली काठी असावी. तिन्हीसांजेनंतर बाहेर पडताना दोन्ही हाती घ्याव्यात, मोठ्याने बोलत जावे किंवा मोबाइलवर गाणे लावावे. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुधा स्वतःच दूर होतो. तो गाफील असताना आपण अचानक समोर जाणे हाच धोका असतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस, तसेच लहान मूल, त्याला आकाराने लहान भक्ष्यासारखे वाटू शकते. म्हणून अंधारात शौचास उघड्यावर जाऊ नये, लहान मुलांना अंगणात एकटे सोडू नये, आणि शाळेची वाट त्यांनी घोळक्याने चालावी. बिबट्या दिसल्यास पळू नये, त्याच्याकडे पाठ करू नये, गर्दी करून त्याला घेरू नये; वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

याच साखळीत शाळेचा उकिरडाही येतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या जेवणातील उष्टे मैदानाच्या कडेला टाकले की तेथे कुत्री जमतात, आणि कुत्री जमतात तेथे रात्री बिबट्या येऊ शकतो. उष्टे झाकणाच्या बादलीत गोळा करून रोजच्या रोज खतखड्ड्यात पुरणे आणि वर माती लोटणे, ही दहा मिनिटांची सवय आहे. तिने परिसर स्वच्छ राहतो, परसबागेला खत मिळते आणि मुलांच्या वाटेवरचे एक निमित्त कमी होते.

उसाच्या फडातील तोडणी कामगारांची आणि मेंढपाळांची मुलेही आपल्या शाळांत येतात. त्यांच्या कोपीला दार नसते, विजेची सोयही नसते. विजेरी आणावी असे त्यांना सांगून भागणार नाही. अशी कुटुंबे गावात उतरली की त्यांची नावे ग्रामपंचायतीस कळविणे आणि त्यांच्या मुलांना सायंकाळपूर्वी सोबतीने घरी पोहोचविण्याची व्यवस्था लावणे, हीही शाळेची सवय झाली पाहिजे.

या शिक्षणात दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे मुलाची मानखंडना. नखे वाढली म्हणून त्याला वर्गापुढे उभे केल्यास ते नखे लपविण्यास शिकते, कापण्यास शिकत नाही. त्यापेक्षा खिडकीजवळ दोरीला एक नेलकटर बांधून ठेवावे व सोमवारी सकाळी सर्वांनी, शिक्षकांसह, त्याचा उपयोग करावा. दुसरी गोष्ट कामांच्या वाटणीची. झाडणे मुलींनी आणि घंटा वाजविणे मुलांनी, अशी वाटणी अजूनही कोठे कोठे दिसते. माणूस ठरविणे याचा अर्थ जात किंवा लिंग पाहून माणूस ठरविणे असा होऊ नये. पाळी सर्वांची असावी आणि ती आठवड्याने बदलावी.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा गाडगेबाबांनी फार पूर्वी घालून दिला आहे. १८७६ ते १९५६ या आपल्या आयुष्यात त्यांनी जवळ बाळगले ते एक गाडगे आणि एक खराटा. गावात शिरताच ते प्रथम गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. झाडणे आधी आणि उपदेश नंतर, हा त्यांचा क्रम शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्य शासनाने पुढे ग्रामस्वच्छतेच्या अभियानास त्यांचेच नाव दिले.

हे सारे एकदम सुरू करण्याची आवश्यकता नाही. नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एक खिळा, दुसऱ्या आठवड्यात साबणाची जाळी, तिसऱ्या आठवड्यात मीठ-साखरेच्या मापाचा डबा आणि चौथ्या आठवड्यात झाकणाची बादली, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वस्तूपुढे तिची जागा, वेळ आणि पाळी असलेल्या मुलाचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे. महिनाअखेर शिक्षकाने इतकेच पाहावे की, ते स्वतः रजेवर असताना ओगराळे खिळ्यावर होते की नाही. ते खिळ्यावर असेल तर सवय रुजली असे समजावे. नसेल, तर खिळ्याची उंची पुन्हा एकदा तपासावी.